दारातला बर्फ, कोणाच्या माथी?

बर्फ म्हटला की आपल्याकडच्या माणसाला गुलमर्ग किंवा मनालीची सहल आठवते. भाड्याने घेतलेले बूट, हातमोजे आणि आल्बममधील छायाचित्रे आठवतात. टोरंटो, बॉस्टन, बफेलो किंवा न्यू जर्सीतील एडिसन परिसरात घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला मात्र हा शब्द ऐकताच फावडे आठवते. पहाटे पाच-साडेपाचला उठायचे, खिडकीचा पडदा सारून अंदाज घ्यायचा आणि मुलांच्या शाळेची व स्वतःच्या कचेरीची वेळ होण्यापूर्वी घरापुढची वाट मोकळी करायची. रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या या डांबरी किंवा काँक्रीटच्या वाटेला तिकडे ‘ड्राइव्ह-वे’ म्हणतात. ती तुमच्या मालकीची. तिच्या टोकाला आडवा जाणारा पदपथ सार्वजनिक. पण अनेक शहरांत त्यावरचा बर्फही काढायचा तुम्हीच. घर घेताना कर्जाच्या कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

वरकरणी हा घरकामाचा विषय. त्याचे विश्लेषण ते काय करायचे, असे कोणी विचारील. परंतु अमेरिका व कॅनडातील न्यायालये, विधिमंडळे आणि महापालिका गेली कित्येक वर्षे याच एका प्रश्नावर काही ना काही ठरवत आल्या आहेत. दारातला बर्फ काढायचा कोणी आणि त्यावरून घसरून कोणी पडले, तर भरपाई द्यायची कोणी? या निर्णयांचा कल पाहिला, तर काही अपवाद वगळता ओझे वरून खाली सरकताना दिसते. नगरपालिकेकडून घरमालकाकडे, घरमालकाकडून ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार परवडत नसेल तर घरातल्या कर्त्या माणसाच्या पाठीवर आणि छातीवर.

दोन टनांचे ‘किरकोळ’ काम

प्रथम या ओझ्याचे वजन पाहू. दोन मोटारी शेजारी-शेजारी उभ्या राहतील असा सहा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब ड्राइव्ह-वे उपनगरांत सर्रास आढळतो. त्यावर २० सेंटीमीटर बर्फ पडला म्हणजे १२ घनमीटर बर्फ झाला. नुकताच पडलेला, कोरडा, पिंजलेल्या कापसासारखा बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरतो. म्हणजे १,२०० किलो. हाच बर्फ ओला असेल किंवा दिवसभर पडून बसला असेल, तर वजन सहज दुप्पट होते. एका फावड्यात सहा किलो धरले, तर दोनशे ते चारशे वेळा वाकायचे, उचलायचे आणि फेकायचे. हे सर्व शून्याखाली दहा अंश तापमानात, उपाशीपोटी, कामावर जाण्याच्या घाईत.

त्यातही सर्वांत त्रासदायक भाग शेवटी येतो. आपण वाट साफ करून घरात चहा ठेवतो न ठेवतो, तोच नगरपालिकेची बर्फ लोटणारी गाडी रस्त्यावरून जाते आणि रस्त्यावरचा सगळा दडपलेला, चिखलमिश्रित बर्फ ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी बांधासारखा रचून ठेवते. हा बांध गुडघाभर उंच असू शकतो आणि तासाभरात गोठून दगडासारखा होतो. मोटार बाहेर काढायची तर तो फोडावाच लागतो. टोरंटोत काही भागांत महापालिका तो स्वतः हटवते; जेथे ही सोय नाही, तेथे घरमालकच उरतो.

फावड्याखालचे हृदय

या कामाने माणसे मरतात, हे सांगितले तर आपल्याकडे अतिशयोक्ती वाटेल. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील नोंदींवर आधारित एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० ते २००६ या १७ वर्षांत बर्फ उपसताना झालेल्या इजांसाठी अंदाजे १ लाख ९५ हजार १०० लोकांवर उपचार झाले, म्हणजे वर्षाला सरासरी साडेअकरा हजार. बहुतेकांच्या तक्रारी स्नायूंच्या किंवा कमरेच्या होत्या. हृदयाच्या तक्रारी घेऊन आलेले शंभरात जेमतेम सात. पण मृत्यू झाले ते १,६४७, आणि ते सर्वच्या सर्व हृदयविकाराने. कंबर धरली तर माणूस आठवडाभर कण्हतो. छातीत कळ आली तर कण्हायलाही उरत नाही.

क्युबेक प्रांतातील संशोधकांनी १९८१ ते २०१४ या काळातील हिवाळ्यांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये असे दाखवून दिले, की २० सेंटीमीटर बर्फ पडल्यानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कोरड्या दिवसाच्या तुलनेत १६ टक्क्यांनी, तर त्याने मृत्यू होण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढते. स्त्रियांमध्ये असा स्पष्ट संबंध आढळला नाही. संशोधकांनी कोणाच्या हातातले फावडे मोजले नव्हते, ही मर्यादा खरी. तरीही बर्फ पडल्यावर फावडे बहुतांशी कोणाच्या हाती जाते, हे सर्वांना ठाऊक आहे.

कारणे शरीरशास्त्रात आहेत. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. पायांपेक्षा हातांनी केलेल्या कष्टाचा हृदयावर अधिक ताण येतो. पाय एका जागी रोवलेले, त्यामुळे रक्त परत हृदयाकडे ढकलण्याचे त्यांचे काम मंदावते. त्यात जड फावडे उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो आणि दाब आणखी चढतो. १९९५ मध्ये दहा निरोगी, पण व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांना बर्फ उपसायला लावून तपासणी करण्यात आली. त्यांचे सरासरी वय होते ३२. फावडे हाती घेतल्यावर काही मिनिटांतच त्यांच्या हृदयाचे ठोके ट्रेडमिलवर दमेपर्यंत धावल्यावर जितके वाढतात, तितके वाढले. हा बत्तिशीतला माणूस होता. साठीतल्याचे काय?

हा प्रश्न मराठी घरांत विशेष महत्त्वाचा ठरतो. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांमध्ये हृदयधमन्यांच्या विकाराचे प्रमाण अधिक आणि तेही तुलनेने कमी वयात दिसते, हे आता वादातीत आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ मध्ये या विषयावर स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले. अमेरिकेतील दक्षिण आशियाई लोकांवर दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासाचे संक्षिप्त नावच ‘मसाला’ असे आहे. नाव सुचवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल. दिवसभर संगणकासमोर बसणारा, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेला चाळिशीचा अभियंता वर्षातून पंधरा दिवस अचानक हमाली करतो, तेव्हा तो नेमक्या याच आकडेवारीत शिरत असतो.

आणि केवळ तोच नव्हे. नातवंडाच्या जन्मासाठी पुण्या-नाशिकहून आलेले, निवृत्त झालेले वडील घरात असतात. मुलगा कामावर गेलेला, दारात बर्फ साचलेला. “बाबा, तुम्ही हात लावू नका, मी आल्यावर बघतो,” असे मुलगा बजावून जातो. “अरे, आयुष्यभर कष्ट केलेत, एवढ्याशा बर्फाचे काय घेऊन बसलास,” असे उत्तर मिळते. नुसते बसून खाणे त्या पिढीच्या स्वभावात नाही. सासऱ्यांना फावड्यापासून दूर कसे ठेवायचे, ही तिकडच्या सुनांची खरी चिंता असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलो परिसरात काही ठिकाणी सहा फुटांहून अधिक बर्फ पडला, तेव्हा पहिल्याच दिवशी ईरी परगण्याच्या प्रशासनाने जे दोन मृत्यू जाहीर केले, ते दोन्ही बर्फ हटवताना झालेल्या हृदयविकाराचे होते. वादळाने ना छत कोसळले होते, ना वीज पडली होती.

ओझे खाली सरकते कसे?

आता कायद्याकडे वळू. न्यूयॉर्क शहरात दिवसा, म्हणजे सकाळी सात ते सायंकाळी पाचच्या सुमारास, बर्फ पडायचा थांबला तर चार तासांत घरापुढचा पदपथ साफ करावा लागतो. बॉस्टनमध्ये मुदत तीन तासांची. रात्री थांबला तर सूर्योदयापासून तीन तास. शिवाय काढलेला बर्फ रस्त्यावर टाकण्यास बॉस्टनमध्ये बंदी आहे. कामावर गेलेल्या माणसाने तीन तासांत घरी कसे यायचे, याचे उत्तर नियमात नाही.

साफसफाईची जबाबदारी ही एक गोष्ट आणि भरपाईची जबाबदारी ही दुसरी. या दोहोंतला फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २००३ पासून पदपथावरील अपघातांची भरपाई आपल्या अंगावरून काढून लगतच्या मालमत्ताधारकांवर टाकली. मालक स्वतः राहतो अशी एक ते तीन कुटुंबांची निवासी घरे तेवढी वगळली. न्यू जर्सीत १९८१ पासून व्यापारी मालमत्तेच्या मालकावर पदपथाची जबाबदारी आहे. निवासी घरमालक सार्वजनिक पदपथापुरता सामान्यतः मोकळा. २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने यात एक भर घातली. गृहसंस्थेच्या खासगी आवारातील पदपथ सुरक्षित ठेवणे हे गृहसंस्थेचेच कर्तव्य आहे, असा निर्वाळा दिला. एकसारख्या घरांच्या वसाहतींत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या पाहता या निकालाची माहिती त्यांना असायला हवी. कारण दरमहा भरल्या जाणाऱ्या देखभाल शुल्कात हे काम धरलेले असते.

मॅसॅच्युसेट्समधील निकाल याहून दूरगामी ठरला. तेथे सव्वाशेहून अधिक वर्षे एक विचित्र तत्त्व चालत आले होते. बर्फ निसर्गतः साचलेला असेल, तर मालक जबाबदार नाही. मात्र त्याने हात लावल्यामुळे बर्फाचे स्वरूप बदलले आणि मग कोणी पडले, तर तो जबाबदार. याचा व्यवहारातला अर्थ असा, की जो फावडे उचलेल तो अडकेल आणि जो घरात शेकत बसेल तो सुटेल. २००२ च्या डिसेंबरमध्ये एका दुकानाच्या वाहनतळावर, साफ केलेल्या बर्फाच्या ढिगाजवळ गोठलेल्या तुकड्यावरून एक ग्राहक घसरला. ते प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जुलै २०१० मध्ये न्यायालयाने हे जुने तत्त्व मोडीत काढले. आता मालमत्ता कोणाचीही असो, तेथे येणाऱ्यांसाठी वाजवी काळजी घेतली होती का, एवढाच प्रश्न विचारला जातो. निकाल तर्कशुद्ध आहे. पण त्यानंतर दुकानदारापासून साध्या घरमालकापर्यंत सगळे सारख्याच पट्टीने मोजले जाऊ लागले, हेही खरे. इलिनॉयने मात्र १९७९ मध्येच वेगळा मार्ग पत्करला होता. आपल्या घरापुढचा पदपथ साफ करणाऱ्या रहिवाशावर, त्याने मुद्दाम किंवा बेफिकिरीने काही केले नसेल तर, दावा चालणार नाही, असे तेथील कायदा म्हणतो. ‘साफ केले तर फसू’ ही भीती घालवण्याचा याहून सरळ उपाय दुसरा दिसत नाही.

ओंटारियोचे कोडे

कॅनडातील ओंटारियो प्रांतात, जेथे मिसिसागा-ब्रॅम्प्टनपासून टोरंटोपर्यंत मराठी वस्ती वाढते आहे, चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. तेथील अपील न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले, की नगरपालिकेच्या उपविधीनुसार घरमालकाला पदपथ साफ करावा लागत असला, तरी तेथे पडलेल्या पादचाऱ्याला भरपाई देण्याचे त्याचे दायित्व सामान्यतः नाही. पदपथ शेवटी नगरपालिकेचा. घरमालकाच्या आवारातून वाहून आलेले पाणी पदपथावर गोठले तर गोष्ट वेगळी. मग नगरपालिका तरी जबाबदार असेल? तर कायदा म्हणतो, पदपथावरील बर्फाने झालेल्या इजेबद्दल नगरपालिकेचा ‘घोर निष्काळजीपणा’ सिद्ध झाला तरच; आणि जखमी व्यक्तीने दहा दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली असेल तरच. म्हणजे साफ करणारा जबाबदार नाही, मालक जवळजवळ जबाबदार नाही, आणि पडलेल्याचे हाड मात्र मोडलेलेच.

खासगी आवाराचा, म्हणजे ड्राइव्ह-वे व पायऱ्यांचा, कायदा वेगळा आहे. तेथे जागेच्या ताबेदाराने वाजवी काळजी घ्यायचीच असते. टपालवाला असो की जेवायला आलेला मित्र. या कायद्यात केलेली दुरुस्ती २९ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. बर्फावरून पडून इजा झाल्यास ६० दिवसांच्या आत ताबेदाराला किंवा बर्फ हटवणाऱ्या ठेकेदाराला तारीख, वेळ व जागा नमूद करून लेखी नोटीस द्यावी लागते. अन्यथा दावा बुडू शकतो. पूर्वी दोन वर्षांपर्यंत केव्हाही दावा दाखल करता येत असे. बर्फ वितळून गेल्यावर दीड वर्षाने येणाऱ्या नोटिशींमुळे ठेकेदारांची विमा-हप्त्यांनी कोंडी झाली होती, ही बाजू नाकारता येत नाही. तरीही या दुरुस्तीने जाणकाराला सावध केले आणि अनभिज्ञाला उघड्यावर टाकले, असेच प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. वाजवी कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो. पण ते वाजवी आहे की नाही, हे न्यायालयात ठरणार.

ओझे उलट दिशेने सरकल्याचे एक उदाहरण टोरंटोतच सापडते. २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून महापालिकेने जवळजवळ सर्व पदपथ यंत्राने स्वतः साफ करण्याचे काम हाती घेतले. वृद्ध आणि अपंग रहिवाशांना याचा मोठा दिलासा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आठवड्याभरात पाठोपाठ वादळे येऊन अर्ध्या मीटरहून अधिक बर्फ पडला, तेव्हा ही यंत्रणा पुरी पडली नाही आणि पदपथ दिवसेंदिवस अडलेले राहिले, अशी ओरड झाली. ती रास्त होती. मात्र यंत्रणा अपुरी पडली म्हणून काम पुन्हा सत्तर वर्षांच्या आजोबांवर सोपवावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

भीतीचे मीठ

दाव्याच्या भीतीचा आणखी एक परिणाम जमिनीत मुरतो आहे. बर्फ हटवणारा ठेकेदार कमी मीठ टाकून कोर्टात उभा राहण्यापेक्षा जास्त मीठ टाकून निश्चिंत झोपणे पसंत करतो. घरमालकही तेच करतो. वास्तविक साधे मीठ उणे नऊ-दहा अंशांखाली फारसे काम करीत नाही. त्याखाली कॅल्शियम क्लोराईड किंवा नुसती वाळू उपयोगी पडते. मीठ टाकायचे ते बर्फ खरवडून झाल्यावर उरलेल्या पापुद्र्यावर, ढिगावर नव्हे. वीस फूट ड्राइव्ह-वेला कॉफीचा एक मोठा मग पुरतो, असे तिकडच्या पर्यावरण संस्था सांगतात. प्रत्यक्षात पिशवीच उपडी केली जाते.

हे मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर नाल्यात, तळ्यात आणि भूजलात जाते, आणि क्लोराईड काढून टाकण्याचा स्वस्त मार्ग नाही. एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर, गोडे पाणी जलचरांना अपायकारक करण्यास पुरेसे असते, असा मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेचा हिशेब आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारने २००१ मध्येच रस्त्यांवरील मिठाला पर्यावरणास घातक ठरवले होते. न्यू हॅम्पशायर राज्याने २०१३ मध्ये दुखण्याच्या मुळाशी हात घातला. मिठाचा मर्यादित वापर करण्याचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र घेतलेल्या व्यावसायिकाला घसरण्याच्या दाव्यांपासून कायद्याने संरक्षण दिले. भीती कमी झाली की मीठही कमी होते, हा त्यामागचा साधा विचार. इतर राज्यांनी तो उचलून धरायला हवा होता.

घरापुरते बोलायचे, तर अनुभवी मंडळी फावडे उचलण्याऐवजी ढकलतात. बर्फ पडत असतानाच दोन-तीन हप्त्यांत काम उरकतात, फावड्याचे पाते लहान निवडतात आणि छतावरचे पाणी पायवाटेवर येणार नाही असे पन्हळाचे तोंड वळवतात. कारण रात्री गोठणाऱ्या त्या पाण्याचा पारदर्शक थर, ज्याला तिकडे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात, डोळ्यांना दिसतच नाही. स्नो-ब्लोअर घेतला म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. यंत्र तुंबले की लोक हात घालतात, आणि इंजिन बंद असले तरी अडकलेली पाती सुटताना फिरून बोटे तोडू शकतात. त्यासाठी यंत्रासोबत दांडा मिळतो. तो गॅरेजच्या कोपऱ्यात राहतो. मोटार तापायला लावून बर्फ काढणे तर त्याहून घातक. जानेवारी २०१६ च्या वादळात न्यू जर्सीतील पसाइक येथे वडील बाहेर बर्फ उपसत असताना उबेसाठी मोटारीत बसलेली आई आणि तिचा एक वर्षाचा मुलगा कार्बन मोनॉक्साईडने मरण पावले. धुराची नळी बर्फाने बुजली होती. आधी नळी मोकळी करायची आणि मगच इंजिन सुरू करायचे, इतके साधे हे होते.

पाहुणे म्हणून येणाऱ्या आईवडिलांचा विषय मात्र यानेही सुटत नाही. ओंटारियोची सरकारी आरोग्यसेवा पर्यटकांना लागू नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. साध्या पर्यटक व्हिसाला तशी अट नाही, आणि बरेच जण विम्याविनाच येतात. ज्यांच्याकडे विमा असतो, त्यांच्याही कराराच्या बारीक अक्षरांत जुन्या रक्तदाबाचा वा मधुमेहाचा अपवाद दडलेला असू शकतो. अशा आईचे मनगट किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडले, की पहिले दहा दिवस रुग्णालय, भारतातील नातेवाइकांचे फोन आणि रजेची जुळवाजुळव यांतच जातात. नगरपालिकेला नोटीस देण्याची मुदत तेवढीच असते. त्याच दिवशी जागेची छायाचित्रे काढून ठेवणे, हवामान व वेळ टिपून ठेवणे आणि नगरपालिकेच्या लिपिकाला, किंवा खासगी आवार असल्यास ताबेदाराला, नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवणे, एवढे घरातल्या एकाने केले तरी पुढचा मार्ग खुला राहतो.